दहा हलकी, दोन जड

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पारखीबाईंनी ट्रेवरचं मखमली फडकं उचललं आणि होतं तसं परत खाली ठेवलं. चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडलं की माणूस ते ओढून घेतो ना, तसं.

"सोमवारी मी गेल्यानंतर याला कोणी हात लावला?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही," दादा म्हणाला. "कपाटात कुलपात होता. आत्ता तुमच्यासमोर काढला."

त्यांनी फडकं पुन्हा उचललं आणि या वेळी बाजूला ठेवलं. ट्रेच्या बारा खळग्यांत बारा नाणी होती. सगळी लखलखत होती. स्टीलचे चमचे दुकानातून आत्ताच आणावेत इतकी. आईच्या तोंडून तर कौतुकाचा "अगं बाई!" निघाला. मी मात्र ट्रेपासून मागं सरकले, कारण सोमवारी हीच नाणी काळी होती आणि त्या काळेपणातच त्यांची किंमत होती.

ही नाणी आमच्या बाबांची. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. जुनी चांदीची नाणी जमवणं हा त्यांचा एकुलता एक षोक. त्यातही जहाजछाप नाण्यांवर जीव. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. बाराच वर्षं पाडली गेली, दर वर्षाचं एक अशी बारा. त्यातलं सहाव्या वर्षाचं नाणं म्हणजे बाबांचा अभिमान. त्या वर्षी साचा कोरणाऱ्यानं जहाजावरचा झेंडा उलट्या दिशेला फडकवला होता. चूक लक्षात येऊन साचा बदलेपर्यंत थोडीच नाणी बाहेर पडली. उलट्या झेंड्याचं एक नाणं म्हणजे बाकीच्या अकरांच्या कितीतरी पट.

"माझ्यामागं हे सहावं विकायचं," बाबा आईला म्हणायचे, "आणि खालच्या अडगळीच्या खोलीत तुझी खोली करायची. न्हाणीघरासकट."

आईचे गुडघे गेलेले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिना उतरायचा म्हणजे तिला अर्धा तास आणि दोन माणसं लागतात. खालची खोली झाली नाही तर दादाकडे दुसरा मार्ग तयार होता. एका वृद्धाश्रमाचा फॉर्म त्यानं भरून ठेवला होता, फक्त आईची सही राहिली होती. दादा दुष्ट नाही. तो दमलेला आहे. आई हल्ली विसरते, गॅस चालू ठेवते, एकच गोष्ट तीनदा विचारते, आणि रात्री-अपरात्री फोन येतो तो त्यालाच.

म्हणून आम्ही लिलावघराच्या पारखीबाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, बुटक्या, स्वतःचं टेबलपुसणं पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या. सोमवारी येऊन त्यांनी आधी टेबल पुसलं, मग प्रत्येक नाणं कडेला धरून वजनकाट्यावर ठेवलं आणि वहीत आकडे लिहिले. काटा पेटीत ठेवून त्या भिंग घेऊन खिडकीशी बसल्या, तेवढ्यात घड्याळकाका आले. बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बाबा आणि ते एकाच दिवशी नाणी जमवायला लागले होते, आणि जहाजछाप बारा नाणी त्यांच्याकडेही होती.

"आमच्या दोघांचं भांडणच होतं," ते हसत पारखीबाईंना म्हणाले होते. "दहा नाणी याची सरस. पण दुसरं आणि नववं माझ्याकडचं बघा! याची ती दोन म्हणजे अगदीच झिजलेली." मग सहाव्याकडे बोट करून म्हणाले, "या एकापुढं मात्र मी हात टेकले. माझ्या सहाव्यावरचा झेंडा सरळ."

तेव्हा आईनं ट्रेमध्ये डोकावून विचारलं होतं, "इतकी काळी कशी झाली हो? जरा पुसून देऊ का?"

पारखीबाई खुर्चीतून उठल्याच. "हात नका लावू, आजी! हा काळा-निळा थर चढायला शंभर वर्षं लागतात. या तिसऱ्यावर निळा डाग आहे ना, तो म्हणजे त्याच्या बोटाचा ठसा समजा. जगात दुसऱ्या नाण्यावर असाच्या असा मिळणार नाही. एकदा घासलं की नाणं संपलं. मोडीच्या भावात जातं."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

२

"आई," दादा म्हणाला. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "तू घासलीस का?"

"मी? मी कशाला घासू? बाई नको म्हणाल्या होत्या ना."

दादा स्वयंपाकघरात गेला आणि चांदी घासायच्या पांढऱ्या पावडरचा डबा घेऊन आला. झाकण अर्धवट लागलेलं, कापड काळं झालेलं.

"ते मंगळवारी मी चमचे घासले," आई म्हणाली.

"कपाटाची किल्ली कुठं असते?"

"माझ्या शिवणाच्या डब्यात." हे तर घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

आईला सांभाळायला दिवसभर एक बाई असतात, त्यांना आम्ही मावशी म्हणतो. त्या दारात उभ्या होत्या. दादानं त्यांच्याकडे वळून विचारलं, "आई एकटी कधी होती?"

"बुधवारीच तेवढी," मावशी खाली बघत म्हणाल्या. "अकरा ते साडेबारा. औषधं आणायला गेले होते. दुकानात गर्दी होती."

"एकटी कुठं होते मी?" आई एकदम म्हणाली. "बुधवारी भाऊजी आले होते की. घड्याळाला चावी द्यायला. मी दोन कप चहा केला."

भाऊजी म्हणजे घड्याळकाका. बाबा गेल्यापासून दर बुधवारी ते येतात आणि हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतात. एकदा आईनं स्प्रिंग जास्त पिळली, तेव्हापासून चावीही त्यांच्याच किल्ल्यांच्या जुडग्यात असते.

दादानं तिथंच फोन लावला. स्पीकरवर काकांचा आवाज आला. "या बुधवारी? छे रे. कंबर धरलीय, मंगळवारपासून बिछान्यातच आहे. का? काय झालं?" दादानं झालेलं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनींना रागावू नका रे. त्यांच्या काय हातात आहे?"

फोन ठेवल्यावर दादा आईच्या समोर खाली बसला. "आई, ते मागच्या बुधवारी आले होते. तू दोन बुधवार एक करतेयस."

आईनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याही. मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं, पण तेव्हा मी नजर खाली घातली.

"असेल," आई म्हणाली. "मग मीच घासली असतील." ती आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते.

पारखीबाई वही पर्समध्ये टाकत होत्या. त्या दारापाशी गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि सहावं नाणं कडेला धरून त्यांनी उजेडात नेलं.

"झेंडा पार गेलाय," त्या म्हणाल्या. "जहाजाच्या दोऱ्या शाबूत, शिडावरच्या रेघा शाबूत. फक्त झेंडा सपाट. आजींनी घासायला नेमकी तीच जागा धरली?"

त्यांनी नाणं परत खळग्यात ठेवलं.

"मी उद्या परत येते. वजनकाटा घेऊन," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत हा ट्रे इथून हलवू नका. आणि तो फॉर्म की काय, त्याच्यावर कोणाची सही घेऊ नका."

फॉर्म टीव्हीवर पडलेला होता. तो त्यांनी कधी पाहिला, कोण जाणे.

३

शनिवारी त्या आल्या तेव्हा हॉलमधलं घड्याळ अकराचे ठोके देत होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, टेबल पुसलं, खुर्ची खिडकीशी ओढली.

"तुमच्याकडे फोटो नाहीत का सोमवारचे?" दादानं विचारलं.

"फोटो आमच्याकडे ऑफिसात, ठरावीक दिव्याखाली काढतात. त्यासाठीच शुक्रवारी न्यायला आले होते. तुम्ही काढला होता ना एक?"

दादाच्या फोनमधल्या फोटोत बारा काळे गोल आणि आईचा अंगठा होता. पारखीबाईंनी तो पाहिला आणि चेहरा न बदलता परत दिला.

मग अर्धा तास त्या भिंगातून एकेक नाणं बघत होत्या. आई आतल्या खोलीत पडून होती. आदल्या दिवसापासून ती धड जेवली नव्हती. मावशींनी काही विचारलं की ती म्हणायची, "तुम्हीच ठरवा, माझं काही खरं नाही." तीन शब्दांचा प्रश्न विचारला तरी उत्तर देण्याआधी तिच्या डोळ्यांत भीती यायची.

पारखीबाईंनी दात कोरायची काडी घेतली. पाचव्या नाण्यावरच्या मुकुटाखाली अक्षरांच्या बेचक्यातून अगदी हलकेच काहीतरी काढलं आणि पांढऱ्या कागदावर टेकवलं. ठिपका उमटला. तांबडा.

"डब्यातली पावडर कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी," मी म्हणाले.

"आणि ही तांबडी. पेस्ट आहे, मेणासारखी." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आता या कडेला बघा. बारीक रेघा दिसतात? सगळ्या एका दिशेच्या, एकमेकींना समांतर. फडक्यानं घासलं तर हात गोल गोल फिरतो, रेघा वेड्यावाकड्या पडतात. हे हातानं केलेलं नाही. मोटरवर, फिरत्या चाकावर केलंय. आजींच्या बोटांचे सांधे मी सोमवारी पाहिले. फिरत्या चाकावर नाणं घट्ट धरून ठेवायचा जोर त्यांत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. आई नव्हती! पण तो दिलासा जेमतेम दोन क्षणच टिकला, कारण दादा माझ्याकडे बघत होता.

"तुझ्याकडे आहे ना असली मोटर?" तो म्हणाला.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या आणि कॅप बनवते. माझ्या टेबलावर पॉलिशचं चाक आहे, आणि धातूच्या कॅपला चमक आणायला मी जी पेस्ट वापरते ती तांबडीच असते.

४

"नाणी विकायला तुझा विरोध होता," दादा म्हणाला.

"विरोध नव्हता. वाईट वाटत होतं. त्यात फरक आहे."

"तू म्हणाली होतीस, बाबांची आठवण बाहेर जायला नको."

"म्हणून मी ती घासून टाकेन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि फॉर्म कोणी आणलाय घरात, मी का तू? नाणी बरबाद झाली की आईची सोय लावायला कोण मोकळं होतं?"

तो पांढराफटक पडला. मला बोलल्याक्षणी पश्चात्ताप झाला, पण शब्द परत गिळता येत नाहीत.

"झालं दोघांचं?" पारखीबाई म्हणाल्या. "दातवाल्या ताई, तुम्ही बुधवारी कुठं होतात?"

"लॅबमध्ये. नऊ ते सहा. तिथं सही करावी लागते."

"आणि तुम्ही?" त्यांनी दादाला विचारलं.

"परगावी. मंगळवारी सकाळी गेलो, गुरुवारी रात्री आलो. तिकिटं आहेत."

"मावशी?"

मावशींनी न बोलता कनवटीची औषधांची पावती काढून दाखवली. तिच्यावर बुधवारची तारीख होती, बारा वाजून दहा मिनिटं. त्या रडायच्या बेतात होत्या. पारखीबाईंनी पावती घडी घालून त्यांच्याच हातात परत ठेवली. "हे सगळ्यांनाच विचारायचं असतं, मावशी. वाईट वाटून घेऊ नका."

दुपारी पारखीबाई आमच्याकडेच जेवल्या; चार वाजता घड्याळकाका आले. कमरेला हात लावून, जिन्यात दोनदा थांबून. दादानंच त्यांना बोलावलं होतं, घासलेल्या नाण्यांचं आता काय करायचं ते विचारायला. ते ट्रेसमोर बसले आणि मान हलवत राहिले.

"सोन्यासारखी नाणी," ते म्हणाले. "पण झालं ते झालं. बाहेर मोडीत देण्यापेक्षा मीच घेतो. चांदीचा भाव असेल तो देतो. मित्राची आठवण माझ्याकडे राहील."

"काका, खरंच?" दादाला भरून आलं.

"तुमचाही संच आहे ना, काका?" पारखीबाईंनी विचारलं. "सोमवारी बोलला होतात. तो शेजारी ठेवून बघता आला असता तर मला बरं झालं असतं."

"तो विकला मी."

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही सोमवारी किमती सांगितल्यात, म्हटलं आपणही विकून टाकावा. बाजारातच एकाला दिला."

"मंगळवारी तर तुम्ही बिछान्यात होतात."

"घरी येऊन घेऊन गेला तो," काका म्हणाले, आणि त्यांनी कंबर चोळली.

पारखीबाईंनी पेटीतून वजनकाटा काढला, टेबल पुन्हा एकदा पुसलं. "आजींना बाहेर घेऊन या," त्या मला म्हणाल्या. "त्यांच्यासमोर करायचंय मला हे."

मी आईला धरून आणलं. ती खुर्चीच्या अगदी टोकाला बसली, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. पारखीबाईंनी सोमवारची वही उघडून दादाच्या हातात दिली.

"मी वजन सांगते. तुम्ही सोमवारचं वाचा."

पहिलं नाणं. सोमवारी अकरा पूर्णांक पंचावन्न ग्रॅम, आज अकरा छत्तीस. हलकं झालं होतं. घासल्यावर होणारच. दुसरं नाणं काट्यावर गेलं.

"आज अकरा बेचाळीस," पारखीबाई म्हणाल्या.

दादानं वहीत पाहिलं. परत पाहिलं. "सोमवारी अकरा एकतीस लिहिलंय. तुमची चूक झाली असेल."

"पुढं चला."

तिसरं हलकं. चौथं हलकं. पाचवं, सहावं, सातवं, आठवं हलकं. नववं पुन्हा जड. उरलेली तिन्ही हलकी.

"दहा हलकी, दोन जड," त्या म्हणाल्या. "घासून चांदी वाढायला लागली, तर मी उद्या नोकरी सोडते आणि नुसती घासत बसते."

५

आधी मलाच उमगलं. आमच्या लॅबमध्ये पॉलिशनंतर कॅप हलकीच होते. कधीही जड होत नाही. होऊच शकत नाही.

"ही ती नाणी नाहीत," मी म्हणाले.

"नाहीत. सगळी बाराच्या बारा बदललेली आहेत. म्हणून तर घासली. नाणी काळी असती, तर तिसऱ्यावरचा निळा डाग कुठं गेला हे मी शुक्रवारी फडकं उचलताच विचारलं असतं. घासल्यावर सगळी नाणी सारखी दिसतात. आणि सहाव्यावरचा झेंडा मुद्दाम सपाट केला, कारण तो सरळ होता. उलटा असता तर कोणी त्याला धक्का लावला नसता."

भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.

"आता असं बघा," पारखीबाई पुढं म्हणाल्या. "चार दिवसांत जहाजछाप नाण्यांचा अख्खा संच कोणाला बाजारात मिळत नाही. बारा वर्षांची बारा नाणी ज्याच्या घरात आधीच होती, त्याचंच हे काम. त्या माणसाकडची दहा नाणी तुमच्या वडिलांच्या नाण्यांपेक्षा झिजलेली, म्हणजे वजनाला हलकी. आणि दोन सरस, म्हणजे जड. कुठली दोन, काका? सोमवारी तुम्हीच सांगितलं होतंत."

"दुसरं आणि नववं," दादा हळूच म्हणाला.

घड्याळकाका ताठ बसले होते. कमरेवरचा हात केव्हाच खाली आला होता. "योगायोग असतो," ते म्हणाले. "मी मंगळवारी संच विकला. ज्यानं घेतला त्यानं केलं असेल. मी तर या घरात सोमवारनंतर पायच ठेवला नाही."

"काका, हे भिंतीवरचं घड्याळ एकदा चावी दिली की किती दिवस चालतं?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घड्याळाबद्दल खोटं बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नसतं.

"आठ दिवस," दादा म्हणाला. त्याला ते लहानपणापासून माहीत होतं.

"मागच्या बुधवारी भरलं असेल, तर ते परवाच बंद पडायला हवं होतं. आज शनिवार. सकाळी मी आले तेव्हा त्यानं अकराचे ठोके दिले, माझ्या घड्याळाशी मिनिटाचाही फरक नाही. चावी कोणाकडे असते?"

सगळ्यांच्या नजरा काकांच्या खिशाकडे गेल्या. किल्ल्यांचा जुडगा तिथं फुगीर दिसत होता.

"सवय," पारखीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ट्रेमधली नाणी पिशवीत भरली, तुमची त्यांच्या जागी ठेवली, चहा प्यायलात, आणि बुधवार आहे म्हणून निघताना घड्याळाला चावीही दिलीत. चालणारं घड्याळ बंद पडू द्यायला तुमचा हात धजला नाही. घड्याळांच्या केसेस चमकवायला तांबडी पेस्ट आणि चाक तुमच्या दुकानातही असणार. फक्त माझ्या वहीतले आकडे तुम्हाला ठाऊक नव्हते. तुम्ही आलात तेव्हा काटा पेटीत गेला होता."

आता आई टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं झुकली.

"म्हणजे भाऊजी बुधवारी आले होते?" तिनं विचारलं.

"आले होते, आजी."

"आणि मी दोन कप चहा केला होता?"

"केला होता."

"मी घासली नाहीत?"

"तुम्ही एकालाही हात लावला नाही. या घरात बुधवारचं सगळं नीट लक्षात होतं ते एकट्या तुमच्याच."

आई खुर्चीत मागं टेकली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिची पाठ खुर्चीला लागली. तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मावशी घाबरून पुढं आल्या, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दादा मात्र उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"नाणी कुठं आहेत?" मी काकांना विचारलं. "घासलीत का ती?"

"घासू?" ते दुखावल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. "तुझ्या बाबांची नाणी? मी?"

६

नाणी त्यांच्या दुकानात, घड्याळांच्या काचा ठेवायच्या खणात होती. प्रत्येक नाणं वेगळ्या तलम कागदात गुंडाळलेलं, कागदावर पेन्सिलीनं वर्ष. दादा काकांबरोबर जाऊन ती घेऊन आला. पारखीबाईंनी एकेकाचं वजन केलं. बाराच्या बारा वजनं वहीतल्या आकड्यांशी तंतोतंत जुळली. तिसऱ्यावर निळा डाग होता, आणि सहाव्याचा झेंडा उलट्या दिशेला, वाऱ्याविरुद्ध फडकत होता. मी ते नाणं लहानपणापासून बघत होते, पण इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

काका दादाला वाटेत सांगत होते म्हणे. उलट्या झेंड्याचं ते नाणं तीस वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या टोपलीत आधी त्यांनाच दिसलं होतं. खिशात पुरेसे पैसे नव्हते. बाबांकडे होते. मैत्रीत बोलले नाहीत, पण सोमवारी ते नाणं कोणा अनोळखी माणसाच्या घरी जाणार असं ऐकलं आणि डोकंच फिरलं. दादाला पोलिसांत जायचं होतं. आई नको म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचंय," एवढंच ती म्हणाली. दादानं वाद घातला नाही. त्यानं टीव्हीवरचा फॉर्म उचलला, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता खिशात घातले. मला वाटतं, आईला तो डब्यात दिसू नये म्हणून.

लिलाव पुढच्या महिन्यात झाला आणि आमच्या अपेक्षेपेक्षा चांगला झाला. खालच्या खोलीचं काम लगेच सुरू झालं. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, दुसऱ्याच दिवशीचं, रविवारचं.

आईला आम्ही दोघांनी धरून जिना उतरवला. पंचवीस मिनिटं लागली. टॅक्सीनं बाजारात गेलो. दुकानाची अर्धी फळी लावलेली होती, काका आत एकटेच होते. आईला पायरी चढवेना, म्हणून तेच बाहेर येऊन उभे राहिले.

"भाऊजी," आई म्हणाली, "मागितलं असतंत तर एखादं नाणं मी दिलंही असतं. ते जाऊ द्या. दोन दिवस मी स्वतःला वेडी समजत होते. पोरं जे म्हणतील ते खरं, मला काही कळत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, वहिनींना रागावू नका."

"वहिनी, मला वाटलं नव्हतं की असं होईल," काका म्हणाले.

"वाटलं होतं. मी 'पुसून देऊ का' म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतंत. म्हणून तर तुम्हाला ते सुचलं."

काकांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो ते एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. आईनं आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग माझा दंड धरला आणि आम्ही वळलो. दादा बाजारात थांबला, त्याला गवंड्याला भेटायचं होतं.

टॅक्सीत बसल्यावर आई एकदम बोलायला लागली.

"बुधवारी ना, त्यांनी तो करडा शर्ट घातला होता. वरून दुसरं बटण तुटलेलं. मी म्हटलं, द्या, लावून देते, तर नको म्हणाले, घाईत आहे. आणि घाईत असलेला माणूस दोन कप चहा पितो का? दुसऱ्या कपात साखर कमी पडली होती. मीच विसरले होते घालायला. ते बोलले नाहीत, पण तोंड केलं. पिशवी कापडी होती, हिरवी. खुर्चीखाली ठेवली होती. मी आत कांदा चिरायला गेले, तेव्हा कपाटाचं दार वाजलं. मला वाटलं, वारा. आणि त्याच दिवशी समोरच्या घरातल्या मुलीनं पहिल्यांदा दोन वेण्या घातल्या होत्या, मी गॅलरीतून पाहिलं…"

बुधवार संपवून ती मंगळवारवर आली, तिथून मागच्या महिन्यावर, तिथून माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसावर. तिचे हात हवेत फिरत होते. चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. मी मध्ये एकदाही काही दुरुस्त केलं नाही, आणि खरं सांगायचं तर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंही.

पुढच्या चौकात डावीकडे वळलं की आमचं घर. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"सरळ चला," मी त्याला म्हणाले. "लांबून जाऊ."